आवडाबायची फळी

फार वर्षांपूर्वी, विजेचे खांब घाटाच्या वरच थबकले होते आणि रॉकेलचा डबा डोक्यावरून चार कोस यायचा, त्या काळी वाकणसोंड गावात आवडाबाय नावाची एक पाटकरीण होऊन गेली.

तिची गोष्ट मला या गावात लग्न करून आल्यावर कळली. सांगणारे सात होते आणि सातही जणांची गोष्ट वेगळी होती. त्यातली जी ऐकून माझी झोप उडाली, तीच सांगते. मुलांनो, ऐका. मोठ्यांनो, तुम्हीही ऐका, पण मध्येच "खरंच का गं?" विचारू नका. मी बी.एस्सी. झालेली बाई आहे आणि माझंच अजून ठरत नाहीये.

तर पाटकरीण म्हणजे पाटाचं पाणी वाटणारी. आमच्याकडे डोंगरातून ओहोळ येतो, त्याला बांध घालून गावाने पाट काढला आहे. तो पाट वीस घरांच्या वीस आगरांतून पोफळी-नारळींना पाणी पाजत पाजत शेवटी खाडीला मिळतो. प्रत्येक आगराच्या तोंडाशी एक लाकडी फळी. फळी उचलली की पाणी आगरात, पाडली की पाणी पुढच्याला. कोणाची फळी कधी उचलायची आणि कधी पाडायची, हे पाटकऱ्याने ठरवायचं. आवडाबायचा नवरा पाटकरी होता. तो पान लागून गेला, साप चावून. तेव्हा नवा पाटकरी नेमायला गावाची बैठक बसली. बैठक तीन दिवस चालली. ते तीन दिवस आवडाबाय रोज उठून पाणी वाटत होती. चौथ्या दिवशी कोणाच्या तरी लक्षात आलं, की अरे, काम तर चाललंय.

आवडाबायला पाणी ऐकू यायचं, असं म्हणतात. जमिनीला कान लावून ती सांगायची, "सातव्या आगरात खेकड्याने बीळ पाडलंय. दोन बोटं पाणी फुकट जातंय." जाऊन बघावं तर बीळ, आणि बिळात खेकडा. हे ऐकलं तेव्हा मी मनात म्हटलं, झाली सुरू अतिशयोक्ती. पुढचं सगळं ऐकल्यावर तो खेकडा मला अगदीच किरकोळ वाटायला लागला.

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण सगळं तिच्यावरच उभं आहे. वाकणसोंडचा एक मोठा गुण होता. कोणाचं आगर उन्हाने करपायला लागलं, की बाकीचे एकोणीस जण न सांगता आपापली फळी पाडायचे. सगळं पाणी त्या एकाला. आपलं सोडायचं, त्याचं वाचवायचं. या गुणाचा गावाला फार अभिमान होता. असायलाच हवा. मला तर तो ऐकूनच गाव आवडलं होतं.

त्याच गावात धाकू मेस्त्री राहायचा. हात सोन्याचे, डोकं उनाड. एकदा तो घाटावर कामाला गेला आणि येताना एका बंद पडलेल्या तंबू-सिनेमाचा डायनॅमो घेऊन आला. चार माणसं तो बांबूला बांधून, चादरीत गुंडाळून घाट उतरवत होती, तेव्हा वाटेत भेटलेल्यांनी हात जोडले आणि विचारलं, "कोण गेलं?" असं म्हणतात.

गावात आल्यावर लोकांनी चादर वर केली.

"हे काय रे, मेल्या?"

"वीज."

"कुठाय?"

"ह्यात. फिरवली की येते."

"आणि फिरवणार कोण? तुझा बापूस?"

"पाणी," धाकू म्हणाला.

बांधाच्या खाली त्याने जुन्या मोडक्या रहाटाच्या लाकडातून एक मोठं चाक उभं केलं. पाटाचं पाणी लाकडी पन्हळीतून चाकावर पाडलं. चाकाला पट्टा, पट्ट्याला डायनॅमो. पन्हळीच्या तोंडाशी अर्थातच एक फळी. मग तारा ओढल्या, वीस घरांत वीस दिवे टांगले, देवळाच्या मंडपात तीन, आणि एक तिथेच चाकापाशी. ज्या संध्याकाळी ते पहिल्यांदा लागले, त्या संध्याकाळी बायकांनी पदर तोंडावर घेतले, दोन म्हातारे घराबाहेर पळाले, आणि तिसरा आत बसून म्हणाला, "आता भुतांनी जायचं तरी कुठे?"

पण दुसऱ्याच दिवशी गावाने आ वासला. वीज एका जागी ठरेना. एका घरात दिवा लागला, की बाकीच्या घरांतले दिवे डोळे मिटायला लागायचे. एका घरात विझला, की बाकीचे डोळे वटारायचे. जेवताना कधी ताटातला मासा दिसायचा, कधी नुसता वास यायचा. आणि तिसऱ्या दिवशी गावकाराच्या घरात दिवा पांढराफटक झाला आणि फटकन फुटला. तात्या गावकार, गावातला मोठा माणूस, भाताच्या कणगीमागे लपून बसला. त्याला बाहेर काढायला नातवंडं लागली, आणि नव्या दिव्यासाठी धाकूला परत घाटावर जावं लागलं.

"यंत्र चांगलंय," धाकू आवडाबायला म्हणाला, कारण पाण्याचं गाऱ्हाणं तिच्याकडेच न्यायचं असतं. "पण त्याला एक चाल नाही. दिवे जास्त लागले की चाकावर ओझं येतं, ते हळू होतं. दिवे विझले की ओझं जातं, ते सुसाट सुटतं. आणि सुसाट सुटलं की दिवे फुटतात."

"म्हणजे बैलासारखंच," आवडाबाय म्हणाली. "गाडी रिकामी झाली की उधळतो."

"तसंच."

"मग कासरा कोणीतरी धरायला हवा."

त्या दिवसापासून दिवेलागणीला ती फळीपाशी जाऊन बसू लागली. एक हात फळीवर, एक डोळा चाकापाशी टांगलेल्या दिव्यावर. दिवा निखाऱ्यासारखा लाल झाला, की फळी केसभर वर. चुन्यासारखा पांढरा झाला, की केसभर खाली. तिला हवा तो रंग एकच, पिकलेल्या पोफळीचा, केशरी. आधी ती दिव्याकडे बघायची. मग बघायचीही बंद झाली. चाकाचा आवाज ऐकून ती म्हणायची, "बाराव्या घरात दिवा लावला. आज उशीर झाला त्यांना, भांडण झालं वाटतं." आणि भांडण झालेलं असायचं, असं म्हणतात.

वाकणसोंडची वीज मग अशी ठरली, की पेल्यातल्या पाण्याला हलायची लाज वाटावी. जेवणं उरकली की घरं एकेक करून दिवे विझवायची, आवडाबाय बोटाबोटाने फळी उतरवायची, शेवटच्या दिव्याबरोबर चाक थांबायचं आणि ती घरी जायची. गाव याला इतकं सरावलं, की आवडाबाय तिथे बसते म्हणून हे चालतं, हेच विसरलं. असंच होतं. जे नीट चालतं त्याच्याकडे कोण बघतं? माझ्या घरातही हाच अनुभव आहे, पण ते असो.

मग पौष आला, आणि शेवंतीला सातव्याच महिन्यात कळा सुरू झाल्या.

शेवंती म्हणजे पाटाच्या शेपटाला, अगदी शेवटच्या घरातली सून. तिची आधीची दोन मुलं जन्मून गेली होती, एक दुसऱ्या दिवशी, एक पाचव्या. ही तिसरी. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. अंगावर कातडं असं, की आतलं हललेलं दिसावं. भागू सुईण चाळीस वर्षं बाळंतपणं करत होती, पण एवढंसं बाळ तिनेही कधी हातात घेतलं नव्हतं, असं म्हणतात.

"हिला ऊब पायजे," भागू म्हणाली. "आईच्या पोटात अजून दोन महिने मिळाली असती तेवढी. कमी नाही, जास्त नाही."

शेगडी ठेवली तर धुराने बाळाचा श्वास अडकला. शेगडी काढली तर बाळ निळं पडलं. शेवंती वर आढ्याकडे बघत होती. तिला रडूही येत नव्हतं. आणि बघता बघता तिला आढ्याचा दिवा दिसला.

"धाकूभावजींची बायको दिव्याखाली पिल्लं ठेवते ना कोंबडीची?" ती म्हणाली.

भागूने तिच्याकडे पाहिलं. "ठेवते."

"जगतात?"

"मांजराने नेली नाहीत तर जगतात."

एका हाऱ्यात, म्हणजे मोठ्या टोपलीत, कापूस घातला, वर वेताची जाळी बांधली, जाळीवर दिवा खाली ओढून आणला आणि हाऱ्यात बाळाला ठेवलं. भागू हात घालून घालून बघत होती. दिवा वर, दिवा खाली, जरा वर. शेवटी म्हणाली, "हं. हीच." घटकाभराने बाळाचा रंग परतला. भागू धावत बांधावर गेली आणि आवडाबायला म्हणाली, "बाय, आता हा रंग हलता कामा नये. दिवसा नाही, रात्री नाही. लाल झाला तर पोर गारठेल. पांढरा झाला तर भाजेल."

"किती दिवस?"

"चाळीस तरी."

आवडाबायने फळीवरचा हात काढला नाही. "बरं," एवढंच म्हणाली.

इथे मी थांबते, कारण इथे माझा श्वास थांबतो. चाळीस दिवस! मी माझ्या मुलीला ताप आला तेव्हा थर्मामीटर बघत एक रात्र काढली आणि सकाळी नवऱ्याला ओळखेनाशी झाले होते.

आठ दिवस आवडाबाय तिथे बसली. धाकू दिवसातून दोनदा तिला घटकाभर सोडवायचा, तेवढ्यात ती जेवायची आणि डोळा लावायची. बाळ तगलं. पाचवा दिवस गेला, तेव्हा शेवंतीने पहिल्यांदा पाणी मागितलं. आणि गाव? गाव रोज देवळात जमून विचारायचं, आम्ही काय करू? आमच्यात कोणी जागायचं, कोणी काय करायचं? गावाचा जीव त्या हाऱ्यात अडकला होता. चांगली माणसं होती हो. खरंच चांगली. म्हणूनच मला पुढचं सांगवत नाही.

आठव्या दिवशी तिसऱ्या प्रहरी तात्या गावकार मंडपात उभा राहिला. म्हणाला, "आवडाबायचा जीव जाईल अशाने. वीस घरांची वीज सांभाळायची म्हणजे काय खायचं काम आहे? आपण कशाला दिवे जाळत बसायचे? आगर करपतं तेव्हा आपण काय करतो?"

"फळ्या पाडतो!" गाव म्हणालं.

"मग? दिवेलागणीला घंटा वाजली, की सगळ्यांनी दिवे घालवायचे. एकदम. आपलं सगळं सोडायचं. सगळी वीज त्या पोरीला."

म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, असं म्हणतात. एका बाईने तर दिव्याला हळदकुंकू वाहिलं, म्हणाली, जा बाबा, बाळाकडे जा. आवडाबायला कोणी सांगितलं नाही. तिला सुखाचा धक्का द्यायचा होता. आणि धाकू? धाकू त्या वेळी आपल्या घरी घोरत होता.

घंटा वाजली. एकोणीस घरांनी एकाच वेळी दिवे घालवले.

आवडाबायने ते आधी ऐकलं. चाकाची घुंई होती, तिची शिट्टी झाली, शिट्टीची किंकाळी झाली. समोरचा दिवा पोफळीचा लिंबू झाला, लिंबाचा चुना झाला. तिने फळी खाडकन पाडली. पण पन्हळीतलं पाणी तर चाकावर येणारच होतं. चार माणसांच्या लांबीची पन्हळ, पाण्याने भरलेली. ते पाणी संपेपर्यंत चाक थांबणार नव्हतं. आणि तिकडे शेपटाला हाऱ्यात ठेवलेलं एक बाळ होतं.

तिने आपला डावा खांदा चाकाच्या आऱ्यांत घातला.

चाक तीन फेऱ्यांत थांबलं, असं म्हणतात. पहिल्या फेरीत तिचा हात कोपराखाली मोडला, दुसरीत कोपरावर. तिसरीत तिने चाकाला काहीतरी सांगितलं आणि ते थांबलं. काय सांगितलं ते कोणालाच माहीत नाही. 

आणि आता ऐका. गाव आलं. हसत आलं. हातात गूळखोबरं घेऊन, बांध चढत, तिला आनंदाची बातमी द्यायला. अंधारात तात्या गावकाराला ती नीट दिसलीसुद्धा नाही. तो हात जोडून म्हणाला, "आवडाबाय, आता तू सुखाने नीज. आम्ही सगळ्यांनी सोडलं. सगळं बाळाला दिलं."

चाकाखालून आवाज आला, "काय केलंत?"

"सोडलं गो. आपल्या रीतीने. सगळी वीज..."

तेवढ्यात खालून, पाटाच्या शेपटाकडून, शेवंतीची किंकाळी ऐकू आली.

त्या घरात दिवा आधी पांढरा झाला होता, मग निळा, मग फुटला होता. वीस घरांचा उजेड एका काचेत शिरला होता. काचा वेताच्या जाळीत अडकल्या, कापसात पडल्या, शेवंतीच्या हातात घुसल्या, पण बाळाला एकही लागली नाही, असं म्हणतात. पण आता तिथे अंधार होता आणि ऊब नव्हती. शेवंतीने चोळी काढून बाळ छातीला लावलं आणि त्याच्यावर वाकून, पाठीचं छप्पर करून बसली. भागूने दोघींवर घरातलं होतं नव्हतं ते सगळं पांघरूण घातलं.

इकडे बांधावर गूळखोबऱ्याचं ताट कोणाच्या हातून पडलं, कळलं नाही. आवडाबायला चाकातून बाहेर काढलं, तेव्हा तिचा डावा हात भलत्याच दिशेला बघत होता. ती रडली नाही. म्हणाली, "पाणी सोडलं की खाडीला जातं, मेल्यानू. ह्या विजेला खाडी कुठाय? तुम्ही सोडलेलं जाणार कुठे? त्या एका पोरीच्या डोक्यावर गेलं ना!"



"पाण्यात आपलं सोडणारा चांगला," ती म्हणाली. "हिच्यात आपलं धरून ठेवणारा चांगला. एवढं साधं मला आधी सांगता आलं नाही, ही माझी चूक."

मग तिने उजव्या हाताने धाकूला जवळ बोलावलं. तो डोळे चोळत धावत आला होता. मग ती सगळ्यांना म्हणाली, "आधी प्रत्येक घरातला खटका चालू करा. शेपटाच्या घरी मंडपातला एक दिवा नेऊन लावा. वीसच्या वीस. एकही कमी नाही. ते झाल्यावर मला हाक मारा."

घरं पळाली. एकेका घरातून हाक आली, लावला, लावला, लावला. वीस हाका आवडाबायने बोटांवर मोजल्या. विसाव्या हाकेला ती म्हणाली, "आता फळी उचल. आणखी. आणखी. केसभर. हं, थांब." समोरचा दिवा लाल झाला, मग तांबूस, मग पिकलेल्या पोफळीचा.

"आता खिळे ठोक."

"कशाला?" धाकू म्हणाला.

"फळीला. चार खिळे ठोक. माझा हात गेला, आता ही फळी कोणी हलवायची नाही." आणि मग तिने सगळ्या गावाकडे पाहिलं. "आता तुम्ही हलायचं नाही."

धाकूने चार खिळे ठोकले. आणि खाली शेवटच्या घरात मंडपातल्या दिव्याखाली बाळाने जांभई दिली. शेवंतीने भागूला तीनदा विचारलं, जांभईच ना? जांभईच ना? जांभईच होती.

त्या दिवसापासून वाकणसोंडने जे केलं ते ऐकून मी हादरले, कारण माणसांना असं करता येतं यावर माझा विश्वास नव्हता. फळी खिळ्यांनी ठोकलेली. वर बांधाला सांडवा होता, त्यातून जास्तीचं पाणी निघून जायचं, त्यामुळे चाकावर येणारं पाणी रोज तेवढंच. म्हणजे दिवेही रोज तेवढेच हवेत, दिवसा, रात्री, झोपताना, उठताना. वीस म्हणजे वीस. बत्तीस दिवस. कोणाला काही कारणाने दिवा घालवायचाच असला, तर त्या घरातल्या बाईने आधी ओरडायचं, "सोडते गो!" शेजारचं घर ती हाक पुढे द्यायचं, तिथून पुढे, तिथून मंडपापर्यंत. मंडपात दोन दिवे जास्तीचे उरले होते आणि तिथे कोणीतरी कायम बसलेलं. तो तिथल्या खटक्यावर हात ठेवून म्हणायचा, "धरलं गो!" ते "धरलं" घराघरातून परत यायचं. ते कानावर पडलं, की मगच इकडे खटका बंद करायचा आणि तिकडे खटका चालू. "धरलं" ऐकल्याशिवाय कोणी काही सोडायचं नाही.

पोरं उजेडात डोळ्यांवर फडकी बांधून झोपायला शिकली. कोंबडे भलत्या वेळी आरवून आरवून बसले, शेवटी त्यांनी नाद सोडला. तात्या गावकार मंडपात बसून असायचा, सर्वांत जास्त वेळ तोच, आणि त्याचा "धरलं गो" सर्वांत मोठा असायचा. त्याचा आवाज बसला, मग तो ताट वाजवायचा.

विसाव्या दिवशी हरबा आजोबा वारले, नवव्या घरातले. म्हातारा माणूस, झोपेतच गेला. त्यांना उचलताना आढं ठेंगणं असल्यामुळे कोणाची तरी काठी दिव्याला लागली आणि दिवा फुटला. त्यांची बायको मनाआजी उशाशी बसली होती. साठ वर्षांचा संसार. तिने तोंड उघडलं ते हंबरडा फोडायला. पण आधी ती ओरडली, "सुटलं गो! सुटलं! धरा!" मंडपातून ताट वाजलं, धरलं. आणि मग ती रडली.

हे ऐकलं तेव्हा मी भाजी निवडत होते. भाजी तशीच राहिली.

आवडाबाय बांधावरच होती. भागूने तिचा हात बांबूच्या कामट्या लावून बांधला होता. घरी ये म्हटलं तर यायची नाही. तिला आता करायला काही नव्हतं, ती फक्त ऐकत बसायची. तिचं अंग तापत होतं, पण कोणी विचारलं तर म्हणायची, "चाललंय ना नीट? मग माझं पण नीट आहे."

चाळिसाव्या दिवशी सकाळी भागूने बाळाला हाऱ्यातून बाहेर काढलं आणि उन्हात धरलं. आणि ते बाळ, जे तोवर मांजराच्या पिल्लासारखं कुईकुई करायचं, ते भोकाड पसरून रडलं. इतकं मोठ्याने, की पाटावरून उलट चढत जाऊन तो आवाज बांधापर्यंत पोचला.

आवडाबायने मान तिकडे केली. हसली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सोडते गो!"

नेहमीची हाक, म्हणून नेहमीप्रमाणे ती घराघरातून पुढे गेली, आणि वीसच्या वीस घरांनी आणि मंडपाने एकदम उत्तर दिलं, "धरलं गो!"

ते ऐकल्यावरच आवडाबाय गेली, असं म्हणतात. त्याआधी नाही.

त्या दिवशी रात्र कधी झाली, कोणाला सांगता येत नाही, कारण गावात दिवे तसेच जळत होते. फळीचे खिळे काढायला धाकूचा हात धजेना. चाक तसंच चैत्रापर्यंत फिरलं, ओहोळ आटला तेव्हा आपणहून थांबलं. त्या चाकाचा एक आरा अजून देवळात आहे. त्याला खांद्याएवढी खोलगट जागा आहे. मी हात लावून पाहिला. लाकूड झिजूनही असं होऊ शकतं, हे मला समजतं. तरी मी हात पटकन काढून घेतला.

त्या मुलीचं नाव आवडीच ठेवलं. ती ऐंशी वर्षं जगली आणि फार मोठ्या आवाजाची होती, एवढं मात्र सातही जण सारखंच सांगतात.

आता गावात सरकारी वीज आहे. कोणी दिवा घालवला म्हणून कोणाचा फुटत नाही. तरी पौषापासून चाळीस दिवस देवळाच्या मंडपात वीस दिवे लावतात आणि तिथे आळीपाळीने एक माणूस बसतो. तिथल्या मोठ्या बटणाच्या पेटीशेजारी जुनी फळी टांगली आहे, चार खिळ्यांसकट, आणि नवं लग्न झालेली सून आधी त्या फळीच्या पाया पडते. मीही पडले. आणि ज्या घरात तान्हं मूल आहे, त्या घरातली बाई दिवा घालवण्याआधी दारातून हाक देते, "सोडते गो," आणि शेजारून "धरलं गो" आल्यावरच बटण दाबते.

माझी मुलगी आठव्या महिन्यात झाली. दवाखान्याने तिला काचेच्या पेटीत ठेवलं, मग घरी पाठवलं. पहिले चार दिवस मी हाक दिली नाही. शिकलेली बाई, ओरडायचं काय, लोक काय म्हणतील? शिवाय आमच्या शेजारचं घर बंद असतं, माणसं मुंबईला. त्याच्या पलीकडचंही बंद. ऐकणार कोण? मी नुसतं बटण दाबायची आणि मग अंधारात बाळाच्या नाकापाशी बोट धरून बसायची, श्वास लागतोय का बघत, आणि परत दिवा लावायची, आणि परत घालवायची.

पाचव्या दिवशी दिवेलागणीनंतर मी दारात गेले. इकडेतिकडे बघून, अगदी हळू म्हटलं, "सोडते गो."

काहीच आलं नाही. बंद घर गप्प, पलीकडचं घर गप्प. मला हसू आलं आणि रडूही आलं. मग मी पोटातून ओरडले, एवढ्या मोठ्याने, की बाळ दचकलं.

"सोडते गो!"

दोन बंद घरं ओलांडून, पाटाच्या वळणापलीकडून, यमुनाकाकूंचा सत्तर वर्षांचा चिरका आवाज आला.

"अगो, केव्हाची वाट बघतेय! पाच दिवस झाले! धरलं गो, धरलं!"

मी बटण दाबलं.